पाहिलेल्यांनी सांगावं

९ मार्च १९६५, मंगळवार. अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावातून एडमंड पेटस पुलावरून मतदानाच्या हक्कासाठी हजारो माणसं चालली होती. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला राज्य पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपलं होतं, अश्रुधूर सोडला होता, घोडे अंगावर घातले होते. मंगळवारच्या मोर्चात सर्वांत पुढे मार्टिन ल्यूथर किंग होते. मागे गर्दीत हेन्री हॅम्प्टन नावाचा पंचविशीतला कृष्णवर्णीय तरुण होता. पंधराव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे त्याच्या पायाला कॅलिपर होतं. पुन्हा लाठीमार झाला तर आपल्याला पळता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो चालत होता, आणि चालता चालता त्याच्या मनात येत होतं की ही गोष्ट कधीतरी पडद्यावर सांगितली गेली पाहिजे.

त्या दिवशी किंग यांनी पुलापलीकडे गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मोर्चा मागे फिरवला. लाठ्या चालल्या नाहीत. पण त्याच संध्याकाळी, मोर्चासाठी बॉस्टनहून आलेल्या जेम्स रीब या गोऱ्या धर्मोपदेशकाला सेल्माच्या रस्त्यावर मारहाण झाली आणि दोन दिवसांनी तो गेला. हॅम्प्टन रीबच्याच युनिटेरियन पंथाच्या कार्यालयात नोकरीला होता. पुलावर मनात आलेली गोष्ट पडद्यावर यायला पुढे जवळजवळ बावीस वर्षं लागली. १९६८मध्ये त्याने बॉस्टनमध्ये ‘ब्लॅकसाइड’ ही चित्रपटसंस्था काढली. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी या विषयावरच्या मालिकेचा पहिला प्रयत्न झाला, मुलाखतीही घेतल्या गेल्या, पण तो प्रयत्न फसला. अखेर जानेवारी १९८७मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘आइज ऑन द प्राइझ’ सुरू झाली. १९५४ ते १९६५ या काळावरचे आधी सहा भाग, आणि १९९०मध्ये त्यापुढच्या वीस वर्षांवरचे आणखी आठ.

अमेरिकेचा इतिहास मी पुस्तकांतून वाचला होता. घटनादुरुस्त्या, निकाल, अध्यक्षांच्या कारकिर्दी हे सगळं क्रमाने माहीत होतं. ही मालिका मात्र मी सावकाश पाहिली, एका रात्री एकच भाग, कारण त्याहून जास्त सोसत नव्हतं. पाहून झाल्यावर माझ्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. पण या साऱ्याची किंमत कुणी मोजली, हे आता मला त्या माणसांच्या तोंडून कळलं होतं. इतिहासाकडे जाण्याची ही वाट मला तेव्हापासून फार मोलाची वाटत आली आहे.

हॅम्प्टनने या मालिकेला एक नियम घालून दिला होता. कॅमेऱ्यासमोर बोलेल तो त्या घटनेत स्वतः असलेला माणूस. खुर्चीत बसून अर्थ उलगडून दाखवणारे प्राध्यापक पडद्यावर नकोत. विद्वानांना त्याने दूर ठेवलं असं नाही. चित्रीकरण सुरू होण्याआधी त्याने सगळ्या चमूसाठी चक्क शाळा भरवली. इतिहासकार आणि चळवळीतले जुने कार्यकर्ते तिथे येऊन शिकवत, वाद घालत. प्रत्येक भागाच्या निर्मितीला जोडी असे, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, आणि शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. एकाच्या नजरेतून जे निसटेल ते दुसऱ्याने धरावं, हा हेतू. विद्वत्ता पडद्यामागे राबली आणि पडदा साक्षीदारांना मोकळा राहिला. निवेदकाचा आवाज तेवढा मधूनमधून धागा जोडतो. तो आवाज ज्युलियन बाँड यांचा आहे, आणि बाँड स्वतः तरुणपणी विद्यार्थी चळवळीच्या प्रसिद्धी विभागाचं काम सांभाळत होते.

या नियमाचं बळ कळतं ते छोट्या प्रसंगांतून. माँटगोमेरीचा बसबहिष्कार म्हटलं की रोझा पार्क्स आणि किंग ही दोन नावं आपल्याला आठवतात. मालिकेत जो अ‍ॅन रॉबिन्सन भेटतात. त्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायच्या आणि गावातल्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी पार्क्सना अटक झाल्याचं कळताच त्या रात्री महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी सोबतीला घेऊन सायक्लोस्टाइल मशीनवर पहाटेपर्यंत पत्रकं काढत राहिल्या. हजारो पत्रकं. सकाळी ती शाळांत, दुकानांत, केशकर्तनालयांत पोचली. सोमवारी बस रिकाम्या धावल्या आणि बहिष्कार ३८१ दिवस चालला. किंग यांचं नाव पुढे आलं ते या सोमवारनंतर. मोठ्या नेत्याच्या आधी रात्रभर जागणारी माणसं असतात हे आपण तत्त्व म्हणून मान्य करतो. शाईने माखलेल्या त्या रात्रीबद्दल बाई स्वतः बोलताना ऐकलं की ते नुसतं मान्य करण्यापुरतं राहत नाही.

सेल्माच्या त्या रक्तरंजित रविवारी पुलावर शेयान वेब नावाची आठ वर्षांची मुलगी होती. मोठेपणी ती कॅमेऱ्यासमोर तो दिवस सांगते. धूर, घोड्यांच्या टापा, किंकाळ्या. पळताना चळवळीतले एक नेते, होझिया विल्यम्स, यांनी तिला उचलून घेतलं. तेव्हा तिने त्यांना सांगितलं, मला खाली ठेवा, तुम्ही पुरेसं जोरात पळत नाही आहात. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. आठ वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाच्या कडेवर सुरक्षित वाटू नये, आपल्याच पायांवर जास्त भरवसा वाटावा, अशी ती सडक होती. मतदानाच्या हक्कावरचा कुठलाही ग्रंथ मला हे असं सांगू शकला नसता.

मालिका विरुद्ध बाजूच्या माणसांनाही त्याच खुर्चीवर बसवते. सेल्माचे तेव्हाचे तरुण महापौर जो स्मिदरमन मोकळेपणाने बोलतात. एखादा चित्रपट निर्माता चित्रीकरणासाठी जागा निवडतो तसं चळवळीने आमचं गाव निवडलं, असं ते म्हणतात. शेरीफ जिम क्लार्कचा लष्करी थाटाचा पोशाख, हेल्मेट, हातातली छडी, सगळा मसाला इथे तयारच होता. त्यांचं बोलणं कुणी तोडत नाही, त्यांच्यावर कुणी आवाज चढवत नाही. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, हे पाहणाऱ्याला कबूल करावं लागतं. चळवळीला कॅमेऱ्याची ताकद कळलेली होती. त्या रविवारी रात्री एबीसी वाहिनीने नाझींवरच्या खटल्याचा ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग’ हा चित्रपट मध्येच थांबवून सेल्माची दृश्यं दाखवली. जवळपास ४ कोटी ८० लाख माणसं तेव्हा दूरचित्रवाणीसमोर होती. आठ दिवसांनी अध्यक्ष जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. कॅमेरा हा या इतिहासातला एक भागीदार होता, हे स्मिदरमन यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून ऐकलं की जास्त पटतं.

पण साक्षीवर एवढी भिस्त ठेवायची तर साक्षीचा कस लावण्याचीही जबाबदारी येते, आणि ही मालिका त्या प्रश्नापासून सुटलेली नाही.

पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच एमेट टिलची हकिकत आहे. चौदा वर्षांचा शिकागोचा मुलगा १९५५च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या मनी या खेड्यात आईच्या नातलगांकडे सुटीला गेला. किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला, असा त्याच्यावर ठपका. बाईचा नवरा आणि दीर मध्यरात्री घरी आले, झोपेतल्या मुलाला उठवून घेऊन गेले. तीन दिवसांनी टॅलहॅची नदीत त्याचा देह सापडला, गळ्याला कापसाच्या जिनिंगमधला जड पंखा काटेरी तारेने बांधलेला. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, एवढंच तिचं म्हणणं. शिकागोत हजारोंच्या रांगा लागल्या आणि ‘जेट’ साप्ताहिकाने तो चेहरा छापला. स्वतःच्या पोराच्या विद्रूप झालेल्या मुखाला पुरावा करण्याचं धैर्य त्या आईने कुठून आणलं असेल, हे माझ्या आवाक्यापलीकडचं आहे.

सप्टेंबरमध्ये सम्नर गावात खटला उभा राहिला. चौसष्ट वर्षांचे मोज राइट, टिलचे आजोबांच्या नात्यातले, कोर्टात उठून उभे राहिले आणि हात लांब करून दोघा गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयाने असं करणं म्हणजे जिवावर उदार होणं. छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स यांनी चोरून टिपलेलं ते छायाचित्र आजही अंगावर काटा आणतं. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष ठरवलं. काही महिन्यांनी त्याच दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नसतो. साक्ष देऊन मोज राइट यांना मात्र आपलं राज्य, आपलं कपाशीचं पीक सोडून जावं लागलं.

आता अडचणीची गोष्ट. मालिकेत दुकानाबाहेरचा प्रसंग टिलचा एक नातलग सांगतो. आपण तिथेच होतो, अशा ओघात तो बोलतो. पुढे मोज राइट यांचा मुलगा सिमियन राइट, जो त्या रात्री एमेटच्याच अंथरुणात झोपला होता, त्याने आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं की तो नातलग त्या दिवशी मनीत नव्हताच, तो नंतर आला. त्या नातलगानेही पुढे एमेटच्या आईची माफी मागितली. म्हणजे ज्याने पाहिलं त्याने सांगावं, हा हॅम्प्टनचा नियम पहिल्याच भागात एका ठिकाणी मोडला गेला होता.

हे कळल्यावर मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. त्या माणसाला खोटारडा म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. घरातल्या मुलाचा असा शेवट झाल्यावर त्या घरात ती गोष्ट वर्षानुवर्षं किती वेळा सांगितली गेली असेल. ऐकणाऱ्याला हळूहळू आपणच पाहिल्यासारखं वाटू लागलं असेल. पण इतिहासाला एवढ्यावर भागत नाही. साक्षीदार पडद्यावर रडला म्हणून त्याचं म्हणणं आपोआप खरं होत नाही, आणि पडद्याची हीच मोठी मोहिनी आहे की चेहरा दिसला की आपण उलटतपासणी विसरतो. लिखित पानावर आपण तळटीप शोधतो. हलणाऱ्या चित्राला तळटीप नसते.

मग दुसरा मार्ग काय? १९९०च्या सप्टेंबरात केन बर्न्स यांची ‘द सिव्हिल वॉर’ सलग पाच रात्री प्रसारित झाली आणि सुमारे ४ कोटी लोकांनी ती पाहिली. त्या युद्धाचा एकही साक्षीदार उरलेला नव्हता. बर्न्सनी सैनिकांची पत्रं अभिनेत्यांकडून वाचून घेतली, मॅथ्यू ब्रेडी आणि अलेक्झांडर गार्डनर यांच्या काळातल्या छायाचित्रांवरून कॅमेरा संथ फिरवला, आणि पडद्यावर इतिहासकार बसवले. मालिका सुंदर आहे, तिची मोहिनी माझ्यावरही आहे. पण तिथे शेल्बी फूट या दक्षिणेतल्या लेखकाच्या गोष्टीवेल्हाळ बोलण्याला इतका वेळ मिळाला की गुलामगिरी आणि मुक्ती यांबद्दल तळमळीने बोलणाऱ्या बार्बरा फील्ड्स यांचा आवाज त्यापुढे कमी पडला, अशी टीका इतिहासकारांनी केली. मला ती रास्त वाटते. आणि छायाचित्रंही फसवतात. गेटिसबर्गच्या रणात दगडांच्या आडोशाला पडलेल्या मृत नेमबाजाचं गार्डनरचं प्रसिद्ध छायाचित्र घ्या. ते प्रेत दुसरीकडून उचलून तिथे ठेवलं होतं, हे विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १९७५मध्ये दाखवून दिलं. जिवंत माणसाची आठवण चुकते, मुक्या चित्रातही हात फिरलेला असतो. कुठलंच साधन निर्दोष नाही.

तरीही मी हॅम्प्टनच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण पडद्याबाहेर सापडतं. या मालिकेसाठी घेतलेल्या मुलाखती त्याने टाकून दिल्या नाहीत. फसलेल्या पहिल्या प्रयत्नातल्या मुलाखतीही राहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर (तो १९९८मध्ये गेला) हे सगळं भांडार सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे गेलं. सेंट लुइस हे त्याचं जन्मगाव आणि विद्यापीठही त्याचंच. तिथे मुलाखतींच्या पूर्ण संहिता कुणालाही वाचता येतात. मी त्या वाचत बसते तेव्हा पडद्यावर न आलेलं बरंच काही समोर येतं. त्या काळी १६ मिलिमीटर फिल्मचं एक रीळ अकराएक मिनिटांत संपायचं. त्यामुळे मजकुरात मध्येच नोंद येते, रीळ संपलं, नवं चढवलं. माणूस नेमका जिवावरच्या प्रसंगाशी आलेला असतो, आणि थांबतो. नवं रीळ सुरू झालं की तोच प्रसंग पुन्हा सांगतो, पण आता थोडा वेगळा, थोडा आवरलेला. कुठे मुलाखतकार जरा थोडक्यात सांगायला विनवतो. तासभर बोललेल्या माणसाचं पडद्यावर मिनिटभर उरतं. कोणतं मिनिट ठेवलं आणि कोणतं कापलं, हे कुणालाही ताडून पाहता येतं.

ही उघडी वही मला फार महत्त्वाची वाटते. माहितीपट करणारा निवड करतो, त्याशिवाय गोष्ट होतच नाही. पण आपण काय वगळलं हे जपून ठेवून तो पुढच्यांच्या हाती आपल्याला तपासण्याचं साधन देतो. न्यायालयात निकालाइतकंच जबान्यांचं दप्तर सांभाळावं लागतं, कारण अपील त्यावर चालतं. हॅम्प्टनने अपिलाची वाट खुली ठेवली. आणि आवाज वेळेवर टिपून ठेवण्याचं मोलही इथेच कळतं. रोझा पार्क्सना जामिनावर सोडवून आणणारे, रेल्वेत पोर्टर म्हणून राबलेले ई. डी. निक्सन फेब्रुवारी १९८७मध्ये वारले, मालिकेचे पहिले भाग प्रसारित होत होते त्याच महिन्यात. त्यांचं म्हणणं आधीच टिपून झालं होतं म्हणून राहिलं.

टिपलेलंही आपोआप टिकत नाही, हेसुद्धा या मालिकेच्या नशिबी आलं. तिच्यातली जुनी वृत्तदृश्यं, छायाचित्रं आणि गाणी अनेक कंपन्यांच्या व संस्थांच्या मालकीची होती. हॅम्प्टनला परवडले तेवढ्याच मुदतीचे परवाने त्याने घेतले होते. नव्वदीच्या दशकात ते संपले आणि मालिका दाखवणं, विकणं बंद पडलं. किंग यांच्या वाढदिवसाला सहकारी गाणं म्हणतात, त्या साध्या दृश्यातल्या गाण्यावरसुद्धा तेव्हा हक्क होता. पुलावर लाठ्या ज्यांच्या डोक्यात बसल्या त्यांचा त्या चित्रांवर काडीचा अधिकार नव्हता, तो चित्र काढणाऱ्या कंपनीचा. कितीतरी वर्षं शाळा-कॉलेजांत शिक्षक झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटी जपून वापरत राहिले. अखेर फोर्ड फाउंडेशन आणि इतरांच्या देणग्यांतून हक्क पुन्हा घेतले गेले आणि २००६मध्ये ती परत प्रसारित झाली. एका राष्ट्राने आपल्या लोकशाहीचा सर्वांत मोलाचा धडा परवान्यांच्या हिशेबात इतकी वर्षं अडकू द्यावा, याचा मला आजही राग येतो.

मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही त्यांची आस होती. पुण्यात बसून त्यांनी ज्या विजयाला नमस्कार केला, तो चारच वर्षांत पोखरला जाणार होता. १८७७मध्ये दक्षिणेतून संघराज्याच्या फौजा काढून घेतल्या गेल्या आणि हळूहळू मतदानाच्या अटी, वेगळे डबे, वेगळ्या शाळा, फासावर लटकवणं हे सगळं कायद्याच्या छायेत परत आलं. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेनंतर काय घडलं आणि ते उलटवायला कुणी जीव पणाला लावला, ते ‘आइज ऑन द प्राइझ’ सांगते. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. दुसऱ्या मालिकेत ओकलंडचे ब्लॅक पँथर दिसतात, आणि १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांचंच नाव घेऊन. ही देवाणघेवाण शंभर वर्षांची आहे. म्हणून सेल्माची मुलगी बोलू लागली की माझ्यासारखीला ते परदेशातलं वाटत नाही.

दलित पँथरचे नामदेव ढसाळ गेले, राजा ढाले गेले. त्यांनी लिहिलं, म्हणून त्यांचे शब्द आहेत. पण त्या काळात वस्तीतल्या ज्या बाया मोर्चाला आल्या, ज्यांनी पोरांच्या जामिनाची सोय केली, ज्यांनी रात्री पत्रकं काढली आणि वाटली, त्यांना समोर बसवून, रीळ संपेपर्यंत आणि संपल्यावरही, शांतपणे कुणी किती ऐकलं? ज्या अजून आहेत त्यांच्याकडे जायला हवं, सगळं टिपायला हवं, एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्याशी आणि कागदांशी ताडून पाहायला हवं, आणि जे चित्रपटात मावणार नाही तेही सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवायला हवं. हॅम्प्टनने हे काम केलं ते कर्ज काढून, देणग्यांसाठी दारोदार फिरून, आधीच्या अपयशानंतर पुन्हा उभं राहून. आपल्याकडे आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रीळ अकरा मिनिटांत संपत नाही. सबब म्हणून सांगण्यासारखं आपल्यापाशी फार थोडं उरलं आहे.